नागपूरच्या शाळेत हजेरी, रजा आणि ७५ टक्क्यांचा हिशेब : नव्यानं आलेल्या पालकांसाठी

नागपुरात दरवर्षी जून-जुलैत नवी कुटुंबं येतात. कुणाची बदली रेल्वेत, कुणाची वेकोलित (वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीत), कुणाची वायुसेनेत. कुणाला विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात नोकरी लागते, कुणी बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत येतं, आणि कुणी भंडारा-गोंदियाहून किंवा छत्तीसगडहून कामाच्या शोधात. घर मिळतं, गॅस लागतो, मुलाची शाळा ठरते. मग फी, पुस्तकं, गणवेश आणि व्हॅनच्या गडबडीत एक गोष्ट सगळे विसरतात : या शाळेत हजेरी कशी मोजतात आणि मूल घरी राहिलं तर काय करायचं, हे विचारायचं राहूनच जातं.

आठवी ते दहावीच्या मुलांचे पालक जानेवारीत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बसलेले दिसतात, तेव्हा फार वाईट वाटतं. मूल खरंच आजारी होतं, आजी खरंच गेली होती, पण कागद एकही नसतो. म्हणून हा लेख सविस्तर लिहिला आहे. एक वाक्य आत्ताच लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे : रजा मंजूर होणं आणि हजेरी लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिलं काम : शाळा कोणत्या मंडळाची, ते नीट समजून घ्या

नागपुरात राज्य मंडळाच्या शाळा आहेत, सीबीएसईच्या आहेत, आयसीएसईच्या थोड्या आहेत, आणि केंद्रीय विद्यालयंही आहेत. ती सीबीएसईचीच, पण प्रशासन वेगळं. राज्य मंडळाचं नागपूर विभागीय मंडळ नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली असे सहा जिल्हे पाहतं. दहावी-बारावीच्या परीक्षेला बसायला राज्य मंडळालाही ७५ टक्के उपस्थिती लागते आणि सीबीएसईलाही. आकडा एकच असला तरी कमी पडलेली उपस्थिती माफ करून घेण्याची वाट दोन्हीकडे वेगळी आहे.

आठवीपर्यंतच्या मुलांना शिक्षण हक्क कायदा, २००९ चं संरक्षण आहे. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळा कुणाचंही नाव काढून टाकू शकत नाही. म्हणजे आठवीतली मुलगी महिनाभर आली नाही म्हणून कुणी तुमच्या हातात दाखला ठेवत असेल, तर तो घेऊ नका. नववीपासून मात्र हे कवच राहत नाही. तिथे शाळेचे आणि मंडळाचे नियम चालतात. बहुतेक पालकांची फसगत इथेच होते, कारण आठवीत चाललं ते नववीतही चालेल असं धरून चालतात.

शाळेची डायरी किंवा माहितीपुस्तिका मिळाली की हजेरी-रजेचं पान पहिल्यांदा वाचा. लेट मार्क किती झाले की अर्धा दिवस कापतात, अर्ज डायरीत लिहायचा की वेगळ्या कागदावर, किती दिवसांच्या आजाराला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, हे प्रत्येक शाळा आपापलं ठरवते. काही शाळांत हजेरी दिवसातून दोनदा घेतात, सकाळी एकदा आणि मधल्या सुट्टीनंतर एकदा. मूल दुपारी पोट दुखतं म्हणून घरी आलं तर अर्धा दिवस गेला. हे शाळेतच विचारून घ्या. शेजारच्या काकूंच्या मुलाच्या शाळेतला नियम तुमच्या कामाचा नाही.

दुसरं काम : जुन्या शाळेतून हजेरीचा कागद आणा

वर्षाच्या मधेच बदली झालेल्यांसाठी हे फार महत्त्वाचं. सीबीएसई शाळेच्या टीसीवर (शाळा सोडल्याच्या दाखल्यावर) एकूण शालेय दिवस किती आणि विद्यार्थी किती दिवस हजर होता, असे दोन रकाने असतात. ते रिकामे सोडलेले असतील तर तिथेच उभं राहून भरून घ्या. महाराष्ट्रातल्या राज्य मंडळाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर अभ्यासातली प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचं कारण असतं, पण हजेरीचे दिवस सहसा नसतात. म्हणून दाखला घेतानाच मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं वेगळं उपस्थिती प्रमाणपत्र मागा : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत इतके शालेय दिवस, त्यांपैकी इतके दिवस हजर.

इथे आल्यावर मग त्या शाळेला फोन करणं, तिथल्या बाबूला विनवणं, कुरिअरची वाट पाहणं, हे सगळं फार मनस्तापाचं होतं. दुसऱ्या राज्यातून येत असाल तर टीसीवर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरीही करून आणा. नागपुरातल्या शाळा ती मागतात.

हंगामी कामासाठी फिरणाऱ्या कुटुंबांसाठी महाराष्ट्रात शिक्षण हमी कार्ड आहे. वीटभट्टीवर किंवा बांधकामावर येणाऱ्या घरातल्या मुलांना गावची शाळा ते कार्ड देते आणि इथली शाळा त्यावर मुलाला बसवून घेते. ज्यांना याची खरी गरज आहे त्यांच्यापर्यंत ही गोष्ट पोहोचतच नाही. तुमच्या कामाच्या जागी असं कुटुंब असेल तर त्यांना नक्की सांगा.

तिसरं काम : विदर्भाचं कॅलेंडर वेगळं आहे

पुण्या-मुंबईहून आलेल्यांना पहिला धक्का इथे बसतो. उन्हामुळे विदर्भातल्या राज्य मंडळाच्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर किंवा जास्त उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याकडे उघडतात. उन्हाळ्यात शाळा सकाळपाळीत जाते. सीबीएसई शाळांचं सत्र मात्र एप्रिलमध्येच सुरू होतं, तेव्हा एप्रिलमधले दिवसही त्यांच्या हजेरीत धरले जातात. "उन्हाळ्यात कोण शिकवतंय" असं म्हणून ते दिवस सोडून देणारे पालक वर्षाच्या सुरुवातीलाच मागे पडतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे वाईटाचं प्रतीक असलेल्या पुतळ्यांची मिरवणूक. त्या दिवशी नागपूर जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक सुट्टी असते. जुन्या नागपुरातल्या महाल-इतवारीचे रस्ते मिरवणुकीनं भरलेले असतात. ही सुट्टी दुसऱ्या जिल्ह्यात असेलच असं नाही, म्हणून छापील कॅलेंडरवर विसंबू नका. शाळेची सुट्ट्यांची यादी हीच खरी.

पावसाची सुट्टीही जिल्हाधिकारी जाहीर करतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि त्या दिवशी शाळा बंद ठेवल्या गेल्या. जाहीर सुट्टीचा दिवस शालेय दिवसांत धरत नाहीत, तेव्हा त्याचा अर्ज नको. पण शाळा सुरू झाल्यावरही ज्यांच्या घरात चिखल आणि भिजलेली दप्तरं होती, त्यांची मुलं पुढे आठ-दहा दिवस जाऊ शकली नाहीत. ते दिवस गैरहजेरीतच लागतात. अशा वेळी पंचनाम्याची झेरॉक्स अर्जाला जोडा. घराच्या नुकसानभरपाईसाठी होणारा तो कागद मुलाच्या शाळेतही उपयोगी पडतो.

पाऊस जोरात आहे पण सुट्टी जाहीर नाही, आणि तुमच्या गल्लीत गुडघाभर पाणी आहे, तर मुलाला पाठवू नका. वर्गशिक्षकांना त्याच वेळी फोटो पाठवा आणि दुसऱ्या दिवशी अर्ज द्या. कोणतीही हजेरी जिवापेक्षा मोठी नाही.

चौथं काम : रजेचा अर्ज, आणि त्याची पोच

मूल सकाळी उठलं आणि अंगात ताप आहे. पहिल्या तासाच्या आधी वर्गशिक्षकांना फोन किंवा मेसेज करा. "मॅडम, पोरीला रात्रीपासून ताप आहे जी, आज पाठवत नाही, डॉक्टरकडे नेतो आहे." एवढं पुरे. बऱ्याच शाळांत पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, पण रजेचा मेसेज ग्रुपवर टाकू नका, शिक्षकांना वेगळा पाठवा. ग्रुपवरचा मेसेज संध्याकाळपर्यंत शुभेच्छांच्या ढिगाखाली जातो आणि मुलाचं दुखणं सगळ्या वर्गाला कळतं.

फोन म्हणजे अर्ज नव्हे. मूल परत शाळेत जाईल त्याच दिवशी लेखी अर्ज त्याच्यासोबत गेला पाहिजे. आधीच ठरलेलं कारण असेल, म्हणजे लग्न, शस्त्रक्रिया किंवा स्पर्धा, तर अर्ज जाण्याआधी द्यायचा. सीबीएसईनं ऑगस्ट २०२५ मध्ये शाळांना हेच पुन्हा बजावलं : आजारपणाच्या रजेचा अर्ज वैद्यकीय कागदांसह लगेच, इतर कारणांसाठी शाळेला लेखी कळवणं आवश्यक, आणि हजेरीपट रोजच्या रोज भरलेला हवा. राज्य मंडळाच्या शाळेतही याच पद्धतीनं गेलात तर कुणी बोट ठेवू शकणार नाही.

अर्ज असा असावा :

दिनांक : ………

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
……… विद्यालय, नागपूर

मार्फत : वर्गशिक्षक, इयत्ता ९ वी, तुकडी ब

विषय : आजारपणाची रजा मंजूर करण्याबाबत.

महोदय,
माझा मुलगा ………, इयत्ता ९ वी, तुकडी ब, हजेरी क्रमांक ……, यास डेंग्यूचा ताप आल्यामुळे तो दि. ……… ते दि. ……… या काळात, एकूण ६ शालेय दिवस, शाळेत उपस्थित राहू शकला नाही. डॉक्टरांचे प्रमाणपत्र व रक्ततपासणीचा अहवाल सोबत जोडला आहे. कृपया वरील काळातील रजा मंजूर करावी. या काळात झालेली घटक चाचणी पुन्हा देण्याची संधी मिळावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
(पालकाची सही, नाव, मोबाइल क्रमांक)

सोबत : १) वैद्यकीय प्रमाणपत्र २) तपासणी अहवाल

यात तारखा आणि शालेय दिवसांची संख्या सर्वांत महत्त्वाची. "काही दिवस बरे नव्हते" असं लिहिलेला अर्ज पुढे कुठल्याच कामाचा राहत नाही. सही पालकाची हवी. मुलानं आईची सही करून दिलेला अर्ज शिक्षकांना पाहताक्षणी कळतो, आणि मग खऱ्या अर्जावरही विश्वास राहत नाही.

एक-दोन दिवसांची रजा डायरीतल्या पानावर लिहिली तरी चालते. तीन-चार दिवसांहून अधिक असेल तर अर्ज दोन प्रतींत करा. एक शाळेच्या कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. काही कार्यालयांत "याची काय गरज आहे, ठेवून जा" असं म्हणतील. शांतपणे म्हणा, "बाबूजी, फाइलला लावायला पाहिजे होती." शिक्का मिळतो. पोच असलेला अर्ज पाच महिन्यांनी कामी येतो, कारण तोवर वर्गशिक्षक बदललेले असू शकतात, तुकडी बदललेली असू शकते.

घरी एक साधी फाइल ठेवा : अर्जांच्या पोच, चिठ्ठ्या, अहवाल, प्रमाणपत्रं, तारखेच्या क्रमानं.

डॉक्टरचा कागद कसा असावा

खासगी डॉक्टरच्या लेटरहेडवर त्यांचा नोंदणी क्रमांक, रुग्णाचं पूर्ण नाव, आजाराचं नाव, विश्रांतीच्या दोन्ही तारखा, सही आणि शिक्का. यातलं काही सुटलं असेल तर दवाखान्यातून निघायच्या आधीच भरून घ्या. औषधाच्या चिठ्ठीला प्रमाणपत्र समजू नका, पण जोड म्हणून ती जरूर लावा.

सरकारी रुग्णालयात दाखवलं असेल, म्हणजे नागपूरकर ज्यांना नुसतं मेडिकल आणि मेयो म्हणतात त्या दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, तर ओपीडीचा कागद जपून ठेवा आणि भरती झाली असेल तर डिस्चार्ज कार्डाच्या दोन-तीन झेरॉक्स काढा. गर्दीत उभं राहून वेगळं प्रमाणपत्र मिळवणं कष्टाचं आहे, हे खरं. तरीही आजार लांबला असेल तर ते कष्ट घ्याच, कारण सीबीएसईकडे दीर्घ आजाराच्या कारणानं सूट मागताना सरकारी डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागितलं जातं.

मूल बरं असताना प्रमाणपत्र विकत मिळतं, हेही सगळ्यांना माहीत आहे. ते आणू नका. सहल करून आलेल्या मुलाच्या नावावर टायफॉइड लिहिलेला कागद शाळेत गेला, की त्या मुलाला आपण काय शिकवलं ते त्याला नीट कळतं. आणि त्याच वर्षी तो खरोखर आजारी पडला तर तुमच्या हातातला खरा कागदही संशयाचा होतो.

पाचवं काम : दिवाळीत हिशेब करा

आता सुरुवातीच्या वाक्याकडे येऊ. मंजूर रजेचा दिवस हजेरीपटावर गैरहजेरीचाच राहतो. मंजुरीचा फायदा एवढाच की शाळा शिस्तीची कारवाई करत नाही, चाचणी पुन्हा घेतली जाऊ शकते, आणि पुढे उपस्थिती कमी पडली तर सूट मागायला तुमच्या हातात आधार राहतो. पण टक्केवारी काढताना तो दिवस हजर म्हणून धरत नाहीत. "आम्ही तर सगळे अर्ज दिले होते" असं पालक कळवळून सांगतात, आणि त्यांचं म्हणणं खरंही असतं, तरी आकडा ६८ वरच असतो.

समजा वर्षात २१० शालेय दिवस आहेत. ७५ टक्के म्हणजे १५७.५, म्हणून १५८ दिवस हजर राहायला हवं. ५२ दिवस सुटू शकतात. हा आकडा मोठा वाटतो, पण तो कसा सरतो ते पाहा. बदलीमुळे उशिरा सुरुवात, १५ दिवस. ऑगस्ट-सप्टेंबरात डेंग्यू, ताप गेला तरी अशक्तपणा, १२ दिवस. दिवाळीला गावी गेले, परतीचं तिकीट मिळालं नाही, ५ दिवस. घरातलं लग्न, ४ दिवस. आजोबांच्या तेरवीपर्यंत गावी, १० दिवस. आणि अधूनमधून पोटदुखी, व्हॅन आली नाही, सकाळी उठला नाही, असे सुटे सुटे १० दिवस. हे ५६ झाले.

म्हणून पहिलं सत्र संपताना वर्गशिक्षकांना भेटा आणि दोन आकडे मागा : आजवर शालेय दिवस किती झाले, मूल किती दिवस हजर होतं. समजा १०० पैकी ६६ दिवस. पुढे ११० दिवस आहेत. १५८ मधून ६६ वजा केले तर ९२. म्हणजे उरलेल्या ११० पैकी ९२ दिवस गेलं तर गाडी रुळावर येते, आणखी १८ दिवसांपर्यंतची आजारपणं धकतात. हेच जानेवारीत विचारलं आणि उत्तर १५० पैकी ९६ असं आलं, तर उरलेल्या ६० दिवसांत ६२ दिवस हजर राहावं लागेल. ते होऊ शकत नाही. सीबीएसईत तर दहावी-बारावीची उपस्थिती १ जानेवारीपर्यंतची धरतात आणि त्यानंतर लगेच शाळेला सूट मागणारी प्रकरणं मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे पाठवावी लागतात. म्हणून त्यांच्यासाठी दिवाळीचा हा हिशेब शेवटची खरी संधी असते.

कोणत्या कारणांना सूट मिळते? दीर्घ आजार, आई किंवा वडिलांचा मृत्यू, त्यासाठी मृत्यूचा दाखला, मंडळाला मान्य असलेल्या राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्तरावरच्या क्रीडा स्पर्धा, आणि तसंच एखादं गंभीर कारण, ज्याचा सरकारी कागद हातात आहे. लग्न, सहल आणि क्लास यांत बसत नाहीत. आजी-आजोबांच्या दुखवट्याची रजा शाळा समजुतीनं देते, ती घ्यावीच. मात्र ते दिवस आकड्यातून भरून निघत नाहीत हे धरून पुढची आखणी करा.

शाळेच्याच कामासाठी बाहेर असेल तर

मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात शाळेच्या संघातून खेळायला गेलेलं मूल, एनसीसीच्या शिबिराला गेलेली मुलगी, यांना बहुतेक शाळा हजर धरतात. पण ती नोंद आपोआप होत नाही. क्रीडाशिक्षक यादी देतात, ती वर्गशिक्षकांपर्यंत पोहोचतेच असं नाही. परत आल्यावर सहभागाच्या प्रमाणपत्राची प्रत घेऊन वर्गशिक्षकांना भेटा आणि हजेरीपटावर दुरुस्ती झाली का ते विचारा. खासगी अकादमीच्या सामन्यांना हा नियम सहसा लागू होत नाही.

वारंवार आजारी पडणारी मुलं

याविषयी जास्त लिहिणं मला गरजेचं वाटतं. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं प्रमाण मोठं आहे. ज्या घरात हा आजार आहे त्यांना माहीत असतं : मूल आज हसत-खेळत शाळेत जातं, रात्री हातपाय आणि कंबर असह्य दुखायला लागते, आणि चार दिवस भरती. महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा तेच. शिक्षकांना वाटतं मूल टाळाटाळ करतंय, कारण परत येतं तेव्हा ते बरं दिसतं. मुलगी असेल तर पालक आजाराचं नावच सांगत नाहीत, पुढे लग्नाला अडचण येईल म्हणून. मग अर्जात "ताप" लिहिला जातो. आणि वर्षाअखेर दहा वेगवेगळ्या तापांची यादी पाहून कुणालाच काही पटत नाही.

कृपा करून असं करू नका. वर्षाच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांना एकट्यानं भेटा, निदानाचा अहवाल दाखवा, आणि ही माहिती वर्गशिक्षक व क्रीडाशिक्षक यांच्यापुरतीच ठेवावी अशी लेखी विनंती करा. मैदानावर उन्हात उभं करणं, पाणी न पिऊ देणं, थंडीत स्वेटर काढायला लावणं, यानं त्या मुलाची दुखणी उफाळतात. शाळेला माहीत असेल तर ते टळतं आणि गैरहजेरीही कमी होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया या तिन्ही रक्तविकारांचा समावेश आहे. सरकारी रुग्णालयातून तपासणी करून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मागायला ते लागतं, आणि उपस्थितीत सूट मागतानाही त्या कार्डाचं वजन असतं. कार्डाला वेळ लागतो, म्हणून दहावीची वाट पाहू नका, आठवीतच अर्ज करा.

मुलींच्या पाळीच्या दुखण्यासाठी वेगळी रजा नसते. अर्जात "प्रकृती अस्वास्थ्य" एवढं लिहिलं तरी पुरतं. पण दर महिन्याला दोन दिवस जात असतील तर वर्षाचे वीसेक दिवस होतात. सहन कर म्हणण्यापेक्षा तिला डॉक्टरकडे न्या.

घरचं काम, शेती, धाकटी भावंडं

कापूस वेचणीच्या दिवसांत गावाकडे गेलेली मुलं, आई कामावर गेली म्हणून धाकट्याला सांभाळायला घरी राहिलेली नववीतली मुलगी, ही गैरहजेरी कोणत्याच यादीत बसत नाही. पालक लाजेनं आजाराचं कारण देतात. माझं म्हणणं आहे, वर्गशिक्षकांना खरं सांगा. खरं कळलं तर ते अंगणवाडीचा, वसतिगृहाचा, शिष्यवृत्तीचा मार्ग सुचवू शकतात. नववीत सुटलेली मुलगी दहावीला बसत नाही, हे आपण सगळे पाहत आलो आहोत.

अकरावी-बारावीचं थोडक्यात

नीट-जेईईच्या क्लासमुळे नागपुरात नावापुरतं कनिष्ठ महाविद्यालय आणि दिवसभर क्लास, असा प्रकार बोकाळला आहे. "हजेरीची चिंता करू नका, आमचं टायअप आहे," असं कुणी सांगितलं तर तिथे प्रवेश घेऊ नका. राज्य सरकारनं २०१८ मध्येच विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता, त्यात नागपूर विभागही होता. सीबीएसईही अचानक तपासणी करते. पकडली जाते ती संस्था, पण परीक्षा अडते ती मुलाची.

आकडा कमी पडलाच तर

आधी वर्गशिक्षकांकडून दिवसवार हजेरी मागा आणि आपल्या फाइलशी ताडून पाहा. चुका सापडतात. खेळायला गेलेल्या दिवशी गैरहजर, उशिरा आलेल्या दिवशी गैरहजर, अशा नोंदी दुरुस्त होऊ शकतात. त्यानंतर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या : कोणत्या तारखा, कोणतं कारण, कोणते कागद. राज्य मंडळाच्या शाळेचा प्रस्ताव मुख्याध्यापकांच्या शिफारशीनं विभागीय मंडळाकडे जातो. पालकानं थेट मंडळात चकरा मारून काम होत नाही, शाळेचा प्रस्ताव लागतोच. शाळा अर्जच घेत नसेल किंवा उत्तर देत नसेल, तर सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे पोच घेतलेल्या प्रती जोडून तक्रार करा.

प्रात्यक्षिक किंवा तोंडी परीक्षेच्या दिवशीच मूल आजारी पडलं तर घाबरू नका. राज्य मंडळ लेखी परीक्षेनंतर आऊट ऑफ टर्न पद्धतीनं, म्हणजे ठरलेल्या वेळेबाहेर, ती घेतं. त्यासाठी त्याच दिवशी शाळेला कळवणं आणि कागद देणं आवश्यक आहे.

सगळे प्रयत्न करूनही नियमित विद्यार्थी म्हणून बसता आलं नाही, तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे. त्यातून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीची परीक्षा देता येते, आणि गुणपत्रिकेची किंमत कमी होत नाही. मात्र हा ऑनलाइन अर्ज परीक्षेच्या बरेच महिने आधी, शाळा सुरू झाल्यानंतरच्या काळात भरायचा असतो आणि त्याला मूळ शाळा सोडल्याचा दाखला लागतो. फेब्रुवारीत तो भरून त्याच मार्चमध्ये बसता येत नाही. तेव्हा नाव काढायची वेळ आलीच, तर दाखला हातात घेण्याआधी १७ नंबरची त्या वर्षीची शेवटची तारीख मंडळाच्या संकेतस्थळावर पाहा. ती गेली असेल तर घाईनं दाखला घेऊ नका, मुख्याध्यापकांशी बोलून मुलाला त्याच वर्गात पुन्हा बसवण्याचा विचार करा.